कातळाला घातलेलं पाणी

कातळावरची कातळी उन्हाळ्यात मेलेली नसते, हे जांभळीच्या पाड्यात शेंबडं पोरही सांगेल. पण सरकारी कागदाला शेंबडं पोर चालत नाही. त्याला शिकलेलं माणूस लागतं, शास्त्रीय नाव लागतं, सही लागते. पाड्यात शिकलेलं माणूस म्हणाल तर एकच, साखरबाईची अपेक्षा. पालघरच्या कॉलेजातून वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली, आणि एवढं शिकून करते काय, तर बोईसरला खोली घेऊन राहते आणि तारापूरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत पावडरी वाळवते. ओली पावडर तोलायची, ओव्हनमध्ये ठेवायची, सुकली की पुन्हा तोलायची आणि किती पाणी उडालं ते वहीत लिहायचं. दिवसाला चाळीस नमुने होतात.

कातळी म्हणजे काही फार देखणी गोष्ट नाही. कातळाच्या भेगांत वाढणारं वीतभर गवत. दिवाळीनंतर ते वाळतं, आणि मे महिन्यात पाहाल तर जुन्या केरसुणीचे तुटके हीर कुणी भेगेत खोचून ठेवलेत असं वाटेल. हाताने चुरगळावं तर कुरकुरतं. पण पाणी मिळालं की एका दिवसात हिरवंगार. पाड्याला त्याचं कधी अप्रूप नव्हतं. गुरं ते खात नाहीत, माणसाच्या ते कामाचं नाही, मग कोण त्याच्याकडे बघतो?

बघायची वेळ आली ती खाणवाल्यामुळे. पाड्याच्या डोक्यावरचा तो काळा कातळ त्याला खडी करायला हवा होता. त्याच्या अर्जात लिहिलं होतं की जागा ओसाड आहे, वनस्पती नाहीत. कातळाच्या पायथ्याला एक झरा आहे, तो होळीपर्यंत पाड्याला पाणी देतो. होळीनंतर दिवसाआड टँकर येतो आणि विहिरीत पाणी ओतून जातो. सुरुंग लागले की झऱ्याची वाट मोडणार आणि बाराही महिने टँकरच्या तोंडाकडे बघत बसावं लागणार, हे सांगायला कुणी भूगर्भशास्त्रज्ञ नको होता. पण झऱ्याची हरकत कुणी ऐकेना. आटलेला झरा म्हणजे झरा नव्हे, असं एका कचेरीत साखरबाईला तोंडावर सांगितलं गेलं.

तेव्हा अपेक्षाने कातळीची हरकत लिहिली. तिच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्पच कातळीवर होता. कॉलेजातल्या समिधा मॅडमनी तेव्हा सांगितलं होतं की ही जात मोजक्याच कातळांवर सापडते, दुसरीकडे कुठे नाही. अपेक्षाने तेच लिहिलं, खाली शास्त्रीय नाव लिहिलं, आणि शेवटी एक वाक्य टाकलं: ‘सदर वनस्पती उन्हाळ्यात मृत भासते, परंतु पाणी दिल्यास एका दिवसात हिरवी होते.’ या वाक्याचा तिला फार अभिमान होता. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. मंगळवारी पाहणीला माणूस येईल, जागेवर पंचनामा होईल, आणि वनस्पती जिवंत आढळल्यास अर्ज पुढे जाणार नाही.

आदल्या रविवारी सुट्टीला अपेक्षा पाड्यावर आली आणि विहिरीपाशी बायांना जमवून तिने सगळं समजावून सांगितलं. म्हणाली, झाड बारीक बारीक पेशींचं बनलेलं असतं. प्रत्येक पेशीला बाहेरून एक भिंत असते. पाणी गेलं की आतला जीव आकसतो. बाकीच्या झाडांत भिंत ताठच राहते, मग आतलं तिच्यापासून फाटून सुटतं आणि झाड मरतं. कातळीची भिंत ताठ राहत नाही. आतलं आकसलं की तीही घड्या घालत आत येते. पाणी आलं की घड्या उलगडतात.

“म्हंजी निऱ्या काढून बसते म्हन ना,” साखरबाई म्हणाली आणि बाया हसल्या.

“तसंच, आय. साहेबाला वेळ नसतो. तो अर्धा तास थांबेल आणि जाईल. म्हणून सोमवारी आपणच पाणी घालायचं. मंगळवारी तो येईल तेव्हा कातळ हिरवा दिसला पाहिजे.”

“टँकरचा पाणी कातळाला घालायचा?” म्हाताऱ्या कमळीने विचारलं. कमळीला कुणी उलट बोलत नसे. तिने पाड्यातली निम्मी बाळंतपणं केली होती.

“एक दिवसाची गोष्ट आहे, आजी.”

कमळी अपेक्षाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “पोर शिकलेली हाय. घाला.”

सोमवारी अपेक्षाला पहिली पाळी होती. रजा मागितली तर मिळाली नाही, मंगळवारचीही नाही. पाहणीच्या वेळी तिची चुलतबहीण दीपा साहेबाला कातळ दाखवणार असं ठरलं. दीपाकडे फोन होता आणि तोंडही होतं.

बायांनी सोमवारी सकाळ-संध्याकाळ मिळून चौतीस हंडे वर नेले. टँकरचं पाणी, तेही दिवसाआड येणारं, आणि त्यातले चौतीस हंडे दगडावर ओतले. त्या दिवशी पाड्यात कुणी अंघोळ केली नाही, गुरांना निम्मंच पाणी मिळालं. साखरबाईने एकटीने सात हंडे वाहिले. चढ उभा, उन्हाने दगड तापलेला, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर हंडा. निम्म्या कातळापर्यंत बाया चढल्या. त्याच्या वर पाय ठरत नाही, म्हणून वरचं राहू दिलं.

आणि मंगळवारी सकाळी कातळ हिरवा झाला! दीपाने काढलेला फोटो पुढे बऱ्याच जणांनी पाहिला. काळ्या दगडावर रेघारेघांनी उठलेली हिरवी लव, आणि तिच्यासमोर रांगेत उभ्या बाया, लग्नातल्या फोटोला उभ्या राहतात तशा.

फक्त साहेब आला नाही. सकाळी अकराला निरोप आला, दुसरीकडे बैठक लागली आहे, पाहणी शनिवारी.

कारखान्यात प्रयोगशाळेत फोन नेऊ देत नाहीत. फोन कपाटात बंद, किल्ली पहारेकऱ्याकडे. साडेतीनला पाळी सुटली आणि कंपनीच्या बसमध्ये बसल्यावर अपेक्षाने फोन उघडला, तेव्हा तिला फोटोही दिसला आणि दीपाचे तीन निरोपही ऐकू आले. शेवटचा असा होता: “साहेब शनवारी येनार. बाया इचारतात, रोज पाणी घालायचा का बंद करायचा? इहिरीत आता काय नाय ऱ्हायला. तू सांग.”

बस कुंभवलीच्या वळणावर थांबली होती. बाहेर धूर होता, रिक्षावाले ओरडत होते, शेजारची बाई खांद्यावर मान टाकून झोपली होती. अपेक्षाच्या डोळ्यांसमोर आईचे सात हंडे आले आणि तिचा जीव कळवळला. तिने लिहिलं: ‘बंद करा. शुक्रवारी सकाळी परत घाला, शनिवारी हिरवी होईल.’ पाठवून दिलं आणि डोळे मिटले. दरवर्षी वाळतेच की ती, चार दिवसांनी काय होतंय, एवढाच विचार तिच्या मनात आला. माणूस अर्ध्या हळकुंडाने पिवळं होतं म्हणतात. हिच्याकडे तर हळकुंड अख्खं होतं. निम्मं घरी विसरून आली.

ते विसरलेलं निम्मं तिला शुक्रवारी आठवलं. दुपारी एकच्या सुमारास ड्रायरवरचा ऑपरेटर धर्मेश नमुना घेऊन आला. पावडर कसली, पापुद्रेच होते, वरून कडक आणि आतून तडकलेले. मागच्या पाळीत कुणीतरी माल लवकर निघावा म्हणून तापमान चढवलं होतं.

“देखो मॅडम, पूरा बॅच फट गया,” धर्मेश म्हणाला. “धीरे सुखाते तो कुछ नहीं होता. जल्दी किसको थी, पता नहीं.”

अपेक्षाच्या हातातला चमचा तसाच राहिला. समिधा मॅडमच्या टेबलावरच्या दोन बश्या तिला दिसल्या. दोन्हींत हिरवी, ओली कातळी. एक बशी मॅडमनी झाकण अर्धवट ठेवून सावलीत ठेवली होती. ती दहा-बारा दिवसांनी वाळली. दुसरी खिडकीत उन्हात, पंख्याखाली, ती दुपारपर्यंत वाळली. मग दोन्हींत पाणी घातलं. पहिली उठली. दुसरी उठली नाही. मॅडम म्हणाल्या होत्या, भिंतीला घडी घालायला वेळ लागतो. भिंत मऊ ठेवणारी द्रव्यं आधी तयार व्हावी लागतात, मग ती सावकाश घडी घालते. घाई केली की भिंत फाटते, आणि एकदा ओली होऊन जागी झालेली कातळी आधीची तयारी सोडून देते. दिवाळीनंतर कातळ वाळतो तो दवात, कोवळ्या उन्हात, हळूहळू. हे सगळं अपेक्षाने स्वतःच्या हाताने प्रकल्पाच्या वहीत लिहिलं होतं. त्यावर तिला सर्वांत जास्त गुण मिळाले होते.

आणि मंगळवारपासून बायांनी पाणी बंद केलं होतं. मे महिन्यात. ज्या कातळावर अनवाणी पाय ठेववत नाही त्या कातळावर. नुसती पळसाची पानं टाकून झाकली असती, रोज तांब्या-तांब्याने पाणी कमी करत नेलं असतं, तरी जगली असती. एवढं सांगायला तिला बसमध्ये एक मिनिट लागलं असतं.

साडेतीनला तिने फोन केला. म्हणजे वरातीमागून घोडं.

“सकाळीच घातला पाणी,” दीपा म्हणाली. “ईस हंडे गेले. आज टँकर आला नं, त्यातलाच.”

“हिरवी दिसते का?”

“उद्या दिसंल ना. तूच बोललीस.”

शनिवारची पाळी बुडवायची ठरवून अपेक्षा खोलीवर गेलीच नाही. मिळेल ती रिक्षा, मिळेल ती एसटी करत सूर्य मावळायच्या आत पाड्यावर पोचली आणि सरळ कातळावर गेली. कातळी ओली होती, पण ती ओल चिपाडाला लागलेल्या ओलीसारखी होती. तिने एक जुडगा धरून ओढला, तो मुळासकट हातात आला. त्याला कुजक्या पेंढ्याचा वास येत होता. दुसरा ओढला, तोही आला. तिने वर पाहिलं. जिथे बाया पोचल्या नव्हत्या तिथला कातळ कोरडा होता, तिथली कातळी वाळलेली, राखाडी, पण भेगेत घट्ट बसलेली. तिने हात लांब करून त्यातली एक ओढून पाहिली. ती हलली नाही. ती जिवंत आहे हे अपेक्षाला तिथेच कळलं, आणि खालची आपण मारली हेही कळलं. कातळावर बसून ती रडली. मग तोंड पुसून खाली आली आणि आईला म्हणाली, उद्या बघू.

शनिवारी सकाळी दहाला निमेश साहेब आला. वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. कारण वाईट माणूस असता तर सगळं त्याच्यावर ढकलून मोकळं होता आलं असतं. मंगळवारी न आल्याबद्दल त्याने हात जोडून माफी मागितली. सोबत पंचायतीचा कारकून होता. उन्हात तो कातळावर चढला, गुडघ्यावर बसला, खिशातून भिंग काढून कातळी निरखली.

“हरकतीत तुम्ही लिहिलंय, पाणी दिल्यावर एका दिवसात हिरवी होते,” तो अपेक्षाला म्हणाला. “पाणी देऊन पाहायचं म्हटलं तर मला उद्या परत यावं लागेल. तेवढा वेळ मला नाही, पण बघतो काहीतरी.”

“कशाला उद्या?” साखरबाई पुढे झाली. “आमी कालच घातला पाणी. सकाळधरनं. ईस हंडे घातले, साहेब. इचारा कोनालापन.”

“खरंच?”

“खोटा कशाला बोलू? ह्या बघा बाया.”

बायांनी माना हलवल्या. कमळीनेही हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर अजूनही आशा होती, साहेब बघतो आहे तोवर कातळी उठेल अशी. साहेबाने दगडाला हात लावून ओल पाहिली. मग जुडगा धरून हलकेच ओढला आणि तो त्याच्या हातात आला. त्याने तो जुडगा परत भेगेत ठेवायचा प्रयत्न केला, तो बसेना.

“ही मेलीय हो,” तो शेवटी म्हणाला, आणि त्याला खरोखर वाईट वाटलं होतं.

“वर पण आहे,” अपेक्षा म्हणाली.

साहेबाने कपाळावर हात धरून वर पाहिलं. वर उभा कातळ आणि त्यावर राखाडी केस. “सारखीच दिसते. खालच्यात आणि वरच्यात काही फरक आहे का?”

एवढाच प्रश्न होता. साधा, सरळ आणि मनापासून विचारलेला. उत्तर द्यायचं तर असं द्यायला हवं होतं: वरची जिवंत आहे, कारण वर पाणी पोचलं नाही. खालची मेली, कारण आम्ही तिला पाणी घातलं आणि मग एका दुपारीत वाळू दिलं. आणि हे शेजारी उभ्या असलेल्या आईसमोर बोलायचं. सात हंडे वाहून आईची मान अजून अवघडलेली होती. कमळीच्या घरी चार दिवस कपडे धुतले नव्हते. तुमच्या घामाच्या पाण्याने कातळी मारली, असं या बायांना कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि पाणी बंद करा हे सांगितलं कुणी, असं त्यांनी विचारलं तर? अपेक्षाला दोन्ही गोष्टींची भीती वाटली. पहिलीची जास्त की दुसरीची, हे तिने पुढे पुष्कळदा स्वतःला विचारलं. उत्तर काही बरं आलं नाही.

“नाही,” ती म्हणाली. “फरक नाही.”

पंचनामा कारकुनाने लिहिला. ‘जागेवरील वनस्पतीस आदल्या दिवशी पाणी दिले असल्याचे ग्रामस्थांनी सांगितले. वनस्पती मृत आढळली.’ खाली पंचांच्या सह्या हव्या होत्या. बायांचे अंगठे झाले. सहीला शिकलेलं माणूस एकच होतं. अपेक्षाने सही केली. एकेक शब्द खरा होता, म्हणून नाही म्हणायलाही जागा नव्हती.

साहेबाची गाडी गेल्यावर बाया विहिरीपाशी बसल्या. मग कमळी म्हणाली, “शिकून आली आन आमाला दगडावर पाणी ओतायला लावला.” रागाने नाही, नुसतं म्हणाली. कुणी हसलं नाही. साखरबाई खाली मान घालून चुंबळीचा सुटलेला काथ्या गुंडाळत होती. लेकीची बाजू घ्यायची तर काय घेणार? तिने विचारलं, “ती आदीच मेलेली होती काय गं?”

“हो, आय,” अपेक्षा म्हणाली. “आधीच.”

“मंग उगाच केला.”

“हो.”

बायांचं मन राखायला, आणि स्वतःचंही, तिने खाणवाल्याच्या अर्जातलं ‘ओसाड’ स्वतःच्या तोंडाने खरं ठरवलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दुखलं तरी सांगायचं कुणाला? सोमवारी ती पुन्हा ओव्हनसमोर उभी राहिली. दिवसाला चाळीस नमुने.

अर्ज पुढे गेला. जूनच्या आधीच खाणवाल्याने पाड्याच्या बाजूने मशीन येण्यापुरता रस्ता काढला, पत्र्याची खोली उभी केली आणि कातळावर लाल रंगाने आकडे टाकले. पाऊस संपला की काम सुरू होणार होतं.

जुलैत भाताच्या आवणीला अपेक्षा दोन दिवसांची रजा काढून आली. या वेळी रजा मिळाली. साखरबाईचं खाचर कातळाच्या समोरच आहे. मायलेकी चिखलात वाकून रोपं लावत होत्या, झरा भरून वाहत होता, त्याचा आवाज खाचरापर्यंत येत होता. कंबर मोकळी करायला साखरबाई उभी राहिली आणि तिची नजर वर गेली.

वरचा कातळ हिरवा होता. शेवाळाचा हिरवा नव्हे, कातळीचा पोपटी हिरवा, वाऱ्यावर हलणारा. आणि खालचा निम्मा काळाभोर, नागडा. दोन्हींच्या मधली रेघ सरळ नव्हती. ती कुठे वर गेली होती, कुठे खाली आली होती, ज्या बाईचा पाय जिथवर पोचला तिथवर. रेघेच्या एका टोकाला एक काळी जीभ बाकीच्यांपेक्षा हातभर वर गेली होती. तिथे साखरबाई चढली होती.

साखरबाई किती वेळ बघत उभी होती कुणास ठाऊक. अपेक्षाने मान वर केली तेव्हा आईच्या हातातली रोपांची जुडी चिखलात पडली होती.

“वरच्याला आमी पाणी घातला नवता,” साखरबाई म्हणाली.

अपेक्षाने हातातलं रोप चिखलात खोचलं.

“तुला माईत होता?”

“हो.”

“साहेब आलता तवा माईत होता?”

“हो, आय.”

साखरबाईने जुडी उचलली, तिचा चिखल झटकला. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर अपेक्षाला बरं वाटलं असतं.

“मंग बोलली का नाय? आमाला वाईट वाटला असता, येवढाच ना? चार दिस रडलो असतो,” ती म्हणाली. “कातळ तं ऱ्हायला असता.”

आणि ती वाकून पुढची रोपं लावू लागली.